तांबट गाडी

मी आणि माझा साडू, दोघंही जुन्या गाड्यांचं काम करतो. माझं गॅरेज अंबडला, त्याची शेड आडगावच्या बाजूला. वीस वर्षं मी एकच नियम पाळला: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशीच पुन्हा उभी करायची. स्क्रूसुद्धा त्याच जातीचा. साडू तांबट घरातला, वडिलांनी जन्मभर हंडे-घंगाळं ठोकली. गाड्यांकडे वळल्यावर पहिली दोन वर्षं तो माझ्याच हाताखाली होता. पॉलिश पेपर धरायला त्याला मी शिकवलं. हे मी जरा जास्त वेळा सांगतो, असं बायको म्हणते.

पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदारानं मुंबईहून एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. दोन सीटची, बसकी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. आतला डॅशबोर्ड गायब. मी म्हणालो, "मूळ डॅशबोर्ड परदेशातून शोधावा लागेल. वर्ष-दीड वर्ष धरा."

"तवर काय तिला अंगणात बघत बसू?" तो म्हणाला. "लय झालं हे." आणि गाडी साडूकडे घेऊन गेला.

पाच-सहा महिन्यांनी साडूनं पाहायला बोलावलं. पेढे घेऊन गेलो, पण मनात चुका शोधायच्या होत्या. गाडी शेडबाहेर उन्हात उभी होती. बंपर काढून टाकलेले. जुना हिरवा रंग, त्यावरच्या ओरखड्यांसकट, तसाच ठेवलेला. डॅशबोर्ड तांब्याचा, घंगाळावर असतात तशा हातोडीच्या बारीक ठोक्यांनी भरलेला. गिअरची मूठ तांब्याची. दाराच्या वरच्या कडेला, कोपर टेकतो तिथं, तांब्याची पट्टी.

"भाऊ, मी एवढंच ठरवलं," साडू म्हणाला, "जिथं माणसाचा हात लागतो तिथं तांबं. बाकी गाडीला हात लावायचा नाही."

वीस वर्षांत माझ्या कामाविषयी मला असं एक वाक्य सांगता आलं नव्हतं. "छान आहे," म्हणालो आणि दाराशी वाकलो. तेव्हा दिसलं. पट्टी थेट ॲल्युमिनियमवर रिव्हेट मारून बसवली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटली आणि मध्ये पाणी गेलं, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मला ते पक्कं माहीत होतं. तोंड उघडलं, आणि पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

त्यानंतर त्याचं नाव झालं. गाडीचे व्हिडिओ फिरले. सटाण्याहून, कोल्हापूरहून, गोव्याहून लोक गाड्या घेऊन यायला लागले. 'तांबट गाडी' हा शब्द रूढ झाला. माझ्या जुन्या गिऱ्हाइकानंही एकदा विचारलं, "तसं तुम्ही करता का?" त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, ॲसिडिटी आहे.

पावसाळा संपता संपता साडू टेम्पोत त्या हिरव्या गाडीचं दार टाकून माझ्याकडे आला. पट्टीखालून पांढरी भुकटी निघत होती. रिव्हेटभोवतीचा पत्रा बोटानं कुस्करला जात होता.

"मध्ये रबर हवं," मी म्हणालो. "पूर्ण लांबीचं. रिव्हेटलाही नायलॉनचा वॉशर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढ्या लगेच सांगितलंत. तेव्हाच दिसलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "चार गाड्या झाल्यात तशा, भाऊ. चारही उघडाव्या लागतील." एवढं बोलून दार पुन्हा टेम्पोत चढवायला लागला. मी दुसरी बाजू धरली. त्यानं नको म्हटलं नाही.

चारही गाड्यांवर आम्ही दोघांनी मिळून काम केलं. रबर मीच कापलं. तांबं आणि रंग यांच्यामध्ये एक काळी रेघ आली, आणि पट्टी आधीपेक्षा उठून दिसायला लागली.

यंदाच्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. साडूनं केलेल्या त्या हिरव्या गाडीभोवती गर्दी. एका पोरीनं कॅमेरा धरून विचारलं, "या शैलीची खूण कोणती?" त्यानं काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही. आणि ही माझी नाही, त्यांची आहे." त्यानं मला पुढे ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगतो, मला बरं वाटलं नाही. त्याचा हात चांगला, त्याचं डोकं चांगलं, एवढं मी कसंबसं पचवलं होतं. आता मनाचा मोठेपणाही त्याच्याकडेच निघाला. मी हसून हात जोडले. कोणीतरी मला विचारलं, "तुमची गाडी कुठली?" मी मैदानाच्या कडेला लावलेल्या माझ्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. स्क्रूपासून सगळी मूळची. विचारणारा तिकडे गेला, एक चक्कर मारली, आणि परत तांबट गाडीपाशी येऊन उभा राहिला.