पांगाऱ्यावर पारखलेली करवत

सत्तरच्या दशकात परभणीच्या रस्त्यांच्या कचेरीत मी ओव्हरसियर म्हणून रुजू झालो, तेव्हा टायपिस्टानं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उठून पंख्याचा वेग कमी केला. मी उडून जाईन अशी त्याला काळजी वाटली असावी. औरंगाबादला डिप्लोमा केलेला, घरातला पहिलाच साहेब, इंग्रजीत टिपण लिहिता येणारा; एवढं सगळं माझ्याकडं होतं. अंगावर मांस तेवढं नव्हतं.

रुजू होऊन सहा महिने झाले असतील. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. वादळात रस्त्यावर पडलेली झाडं कापायला पेट्रोलवर चालणारी करवत घ्यायची मंजुरी आली होती.

"हलकी पाहिजे. एका माणसानं उचलून न्यावी अशी," ते म्हणाले. "आणि जोरही पाहिजे. दोन्ही बघून निवड करा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

करवतीचा आणि इंग्रजीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. कुणीतरी माझं इंग्रजी चांगलं म्हटलं, एवढ्यावर मी खूश होतो. आठवडाभर मी माहितीपत्रकं वाचली. त्यात एक गोरा माणूस एका हातात करवत धरून हसत उभा होता. त्याचा दंड माझ्या मांडीपेक्षा जाड होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

हैदराबादहून विक्रेता दोन यंत्रं घेऊन आला. एक मोठं, एक लहान. कचेरीच्या मागं, लिंबाच्या सावलीत एक ओंडका पडलेला होता, तोच मी परीक्षेला ठरवला. ऊन कडक होतं आणि दुसरा ओंडका सावलीत नव्हता, एवढंच त्यामागचं तांत्रिक कारण. सगळी कचेरी बघायला जमली.

मोठं यंत्र मी दोन्ही हातांनी उचललं. सुरू करायची दोरी ओढली, तर यंत्र जागेवर राहिलं आणि मीच त्याच्याकडं ओढला गेलो. विक्रेत्यानं ते सुरू करून दिलं. मग माझे हात असे काही थरथरू लागले की चष्मा नाकावरून घसरून ओठावर आला. टायपिस्ट तोंडाला रुमाल लावून भिंतीकडं वळला. मी यंत्र खाली ठेवलं आणि गंभीरपणे म्हणालो, "कंपन जास्त आहे."

लहान यंत्र मात्र माझ्या हातात छान बसलं. "फूल है साहब, फूल!" विक्रेता म्हणाला. ओंडक्यावर टेकवलं आणि गवत कापावं तसं ते खाली उतरलं. दोन मिनिटांत ओंडक्याचे दोन तुकडे. मी सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू ओंडका मी दातांनी तोडला होता.

गर्दीत आमचा एक मैलकुली उभा होता. गंगाखेडच्या रस्त्याचे काही मैल त्याच्याकडं देखभालीला होते. खड्डे भरायचे, पडलेली झाडं हटवायची. वयानं माझ्या वडिलांएवढा. तो पुढं येऊन हळूच म्हणाला, "सायेब, ह्ये पांगाऱ्याचं लाकूड हाय. ह्याला तर इळ्यानं बी कापता येतं. एकदा बाभळीवर लावून बघा की."

"लाकूड ते लाकूड, मामा," मी म्हणालो.

माझे वडील जन्मभर दुसऱ्यांची लाकडं फोडत आले. मला लाकूड ओळखायची पाळी येऊ नये म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि त्यात ते पूर्ण यशस्वी झाले होते. मी दोन पानी इंग्रजी अहवाल लिहिला. कमी वजन, पुरेशी कापण्याची ताकद, सर्व प्रकारच्या लाकडासाठी योग्य. 'सर्व प्रकारच्या' या शब्दांखाली मी रेघही ओढली.

यंत्र आलं. पाऊसकाळ तोंडावर आला असताना एका दुपारी वावटळ सुटली आणि गंगाखेडच्या रस्त्यावर एक जुनी बाभूळ आडवी झाल्याचा निरोप आला. मी करवत मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. वाटेत तिच्यावरची धूळ दोनदा पुसली.

बाभूळ रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पडली होती. खोड माझ्या दुप्पट जाड. दोन्ही बाजूंना एसटीच्या गाड्या थांबलेल्या, आणि एका गाडीत लग्नाचं वऱ्हाड. मैलकुली आणि त्याची बायको आधीच पोचले होते. ती रोजंदारीवर त्याच्यासोबत कामाला असे. त्यांच्याजवळ दोघांनी दोन टोकांनी ओढायची लांब करवत होती, पण साहेबांचं यंत्र येतंय म्हणून ते हात बांधून थांबले होते.

दोरीच्या चौथ्या ओढीला यंत्र सुरू झालं. वऱ्हाडातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खोडाच्या मधोमध, वरून पातं टेकवलं. आवाज भरपूर झाला, धूरही झाला. पातं चार बोटं खाली गेलं असेल नसेल, यंत्रानं एक आचका दिला आणि बंद पडलं. उपसायला गेलो तर पातं हलेना. बाभळीनं ते दाबून धरलं होतं.

मी एक पाय खोडावर लावून ओढलं. मग दोन्ही पाय लावले. आता माझा सगळा भार करवतीवर होता आणि करवतीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"नवरदेवाला बोलवू का मदतीला?" गाडीतून कुणीतरी ओरडलं. दोन्ही बाजूच्या प्रवाशांत एकदम एकोपा झाला, एवढे सगळे हसले.

मैलकुली वाकून फट बघू लागला. बोलली ती त्याची बायको. "सायेब, झाड दोन्हीकडं टेकलंय, मधी लोंबायलंय. वरून कापलं की फट मिटणारच. पाचर ठोकाय पायजे." मग खाली वाकून तिनं पडलेला भुसा चिमटीत घेतला आणि माझ्यासमोर धरला. "आन् ह्ये बघा, पिठावानी पडलाय. सालीतल्या मातीनं दात मेलेत तुमच्या मशिनीचे. धार आसंल तर कपची निगती."

माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं.

दोघांनी फटीत लाकडी पाचर ठोकली, यंत्र सोडवून माझ्या हातात दिलं आणि आपली लांब करवत लावली. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. घाई नाही, बोलणं नाही; तिनं ओढलं की त्यानं सैल सोडायचं, त्यानं ओढलं की तिनं. मी शेजारी यंत्र कुशीत घेऊन उभा होतो. वऱ्हाडातली एक म्हातारी मला म्हणाली, "बाबा, बस जरा सावलीला. दमलास."

कचेरीत परतल्यावर मी आणखी एक अहवाल लिहायला घेतला. लाकडातली असामान्य कठीणता, झाडाची प्रतिकूल स्थिती वगैरे. एक पान झालं. मग वाटलं, बाभूळ कठीण असते यात असामान्य ते काय? ते पान फाडलं आणि मराठीत चार ओळी लिहिल्या: परीक्षा मऊ लाकडावर घेतली, मैलकुलीनं सांगूनही ऐकलं नाही, मोठं यंत्र मला पेललं नाही म्हणून लहान निवडलं, चूक माझी आहे.

मोठ्या साहेबांनी चार ओळी दोनदा वाचल्या. "तुमचं मराठीही चांगलं आहे," म्हणाले, आणि विक्रेत्याला यंत्र बदलून देण्याविषयी लिहिलं. कुरकुरत का होईना, तो कबूल झाला.

या वेळी तो तीन यंत्रं घेऊन आला. ओंडका बाभळीचा होता, उन्हात होता, आणि निवडायला मैलकुली आणि त्याची बायको होती. मैलकुलीनं प्रत्येक यंत्र उचललं आणि छातीशी धरून नुसताच उभा राहिला, बराच वेळ. "उचलाया तर समदेच हलके लागत्यात," तो म्हणाला. "धरून ऱ्हायल्यावर कळतं." बायकोनं पात्याची लांबी वितीनं मोजली आणि भुसा बघितला. दोघांनी मधलं यंत्र निवडलं. मोठ्यापेक्षा वजन बरंच कमी, आणि बाभळीतून ते न कण्हता खाली गेलं. कपच्या उडाल्या.

मी टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "ह्ये एकट्याचं काम हाय न्हवं, सायेब?"

"हो ना. तोच तर फायदा!"

"मग आता माझं टोक कोन धरनार?"

पुरेसा जोर, कमी वजन, पात्याची लांबी, सगळं बघून झालं होतं. लांब करवतीला दुसरं टोक असतं आणि ते धरणारीची रोजंदारी त्या टोकाला असते, हे मात्र माझ्या दोन्ही अहवालांत नव्हतं.

यंत्राच्या पात्याभोवती फिरणाऱ्या साखळीच्या दातांना धार लावायला माणूस लागतोच, असं मी साहेबांना सांगितलं. या वेळी खोटं बोलावं लागलं नाही. महिन्यातले काही दिवस तिचं नाव हजेरीपटावर लागलं, सगळे नाही. कचेरीच्या ओट्यावर बसून ती एकेका दाताला कानस मारायची. दोन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला तिच्याकडं गेलो. ती म्हणाली, "बसा, एवढे दात होऊ द्या." मी बसलो. दात बरेच होते.