टाक्यापुरती काच

गेल्या वर्षीच्या मासेमारी बंदीत पूर्णगडच्या काठावर ओढलेल्या बोटींवर तो वेल्डिंग करत होता. चाळिशीच्या आतला. लांब सांध्याला तो डोळ्यांपुढे काळी काच धरी. छोटा टाका मारताना मात्र एका हाताने पत्रा दाबावा लागे, म्हणून काचेला हात उरत नसे. तेव्हा तो नुसती मान वळवी.

मी विचारले, तसा हसला. "टाका मारायला कसली काच, साहेब? डोळा मिटेपर्यंत काम झालं!"

असे टाके दिवसभर पडत. त्या प्रकाशाची मात्रा टाक्यागणिक साठत जाते आणि सुरक्षित मर्यादा काही सेकंदांतच संपते, हे डॉक्टरने त्याला सांगितले तेव्हा उशीर झाला होता. तोवर डोळ्यांत वाळू गेल्यागत आग झाली, की तो बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राही.

गेल्या महिन्यात तो आखातातल्या नोकरीच्या तपासणीत डोळ्यांमुळे नापास झाला.

"बरं झालं, नायतर आमच्या बोटी कोण जोडणार?" बोटीचा मालक म्हणाला.

तो मालकाकडे न बघता मला म्हणाला, "तिकडं डोक्यावरच काच बांधून देतात, दोन्ही हात मोकळे. म्हणून तर जायचं होतं. पण त्यांना डोळे चांगलेच लागतात."