आडोसा

शिरूर-दौंड रस्ता आमच्या आत्याइतका कुठल्या एसटी ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हता. फक्त तिला त्या रस्त्यावर गावं दिसत नसत, आडोसे दिसत. राहायची निमोण्याला, लेक दिलेली दौंडला, त्यामुळे जाणंयेणं कायमचं. कोणाचा ऊस कुठवर आला, कुठली बाभळ तुटली, सगळं तोंडपाठ. कांदा लावणाऱ्यांवर मात्र तिचा भारी राग. "मेल्यांनो, घोट्याएवढं पीक! बाईमाणसानं बसायचं कुठं?"

प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याला शिवत नसे. लग्नात कुणी मठ्ठा आणला की वाढप्यालाच दम भरायची, "बायांची सोय केलीया का? मग पाजतोस कशाला?" आणि या सगळ्याचा तिला केवढा अभिमान! "निमोण्यापासनं दौंडापातूर कळ दाबून नेते मी. तुम्हा आजकालच्या पोरींत दमच न्हाई." आजकालची पोर म्हणजे मी, चाळिशीला टेकलेली.

दोन हजार सालाच्या आसपास पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. खेड्यातल्या बायकांच्या लघवीच्या तक्रारींवर त्यांचं संशोधन चालू होतं. आम्हा सगळ्यांना शाळेत बसवून त्यांनी पहिलाच प्रश्न वाचला, "मूत्रविसर्जनास विलंब होतो का?" एकीने हळूच विचारलं, "विसर्जन अनंत चतुर्दशीला न्हाई का?" तशी आत्या पदर खोचून उठली. "अगं बयांनो, मुतायला येळ लागतो का, आसं इचारत्यात त्या!" वर्गात हशा पिकला आणि बायकांची तोंडं सुटली. जळजळ, थेंब थेंब, खोकला आला की लुगडं ओलं. जन्मात नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते बायका भडाभडा बोलल्या, केवळ आत्यामुळे.

शेवटी बाईंनी तिलाही विचारलं, "आणि तुमचा लघवीवर ताबा आहे ना?"

ताबा! आत्या ताठ झाली. "दिसभर थेंब सुटत न्हाई माझा."

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि पुढचीकडे वळल्या. बाकीचे प्रश्न तिला कुणी विचारलेच नाहीत, कारण ती तर विचारणाऱ्यांच्या बाजूची! आमची आत्या त्या संशोधनात ठणठणीत म्हणून नोंदली गेली.

काही वर्षांनी तिचे पाय सुजले, धाप लागू लागली. दौंडचे डॉक्टर म्हणाले, कळ दाबून दाबून लघवीची पिशवी सैल पडलीय, लघवी तुंबून मूत्रपिंडं गेलीत. "इतके दिवस बोलला का नाहीत?" आत्या म्हणाली, "तक्रार कुठं व्हती सायेब? सवय व्हती." असा संताप आला मला! तिचा, त्या मेल्या ताब्याचा, आणि गावात कमान बांधणाऱ्या, सभामंडप बांधणाऱ्या, पण बायकांसाठी चार भिंती न बांधणाऱ्या पुढाऱ्यांचा.

मग तिच्या लेकाने घाईघाईने दारातच संडास बांधला. पांढरी फरशी, आतून कडी. आणि डॉक्टरांनी तिचं पाणी तोडलं. दिवसाला जेमतेम तांब्याभर. ऐन उन्हाळ्यात ती वाटीतलं पाणी घोट घोट पुरवायची आणि त्या नव्या दाराकडे बघून हसायची. मला ते हसू बघवत नसे.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. लेकाने शब्द दिला, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. सरपंच पुढे होऊन म्हणाले, "आत्याबाई, गावात बायांसाठी संडास बांधतो." कावळा आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला. सरपंचांना तोही ओळखून असणार.

शेवटी मी तांब्या भरून पिंडाशेजारी ठेवला. म्हटलं, "आत्या, पोटभर पी गं. आता कुठं जायचं न्हाई तुला."

तेव्हा आला.