गरजू दिसायला हवं

"अंगावर सोनं आहे की! मग फी कशाला मागता?"

साहेब हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात आमच्याच घरची तळलेली पापलेटची तुकडी होती. आय दारापाशी उभी होती. तिने गळ्यातल्या माळेवर पटकन पदर ओढला. चोरी पकडली गेल्यासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माळ मावशीची होती. पाहुणे येणार म्हणून मागून आणलेली. आयचं स्वतःचं सोनं बोटीच्या इंजिनापायी कधीच गहाण पडलं होतं. पण आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात पाहुण्यांसमोर ओका गळा घेऊन कोणी बाई उभी राहत नाही. पापलेटही विकायचं सोडून त्यांच्यासाठी ठेवलेलं.

मी शेवटच्या वर्षाला होते. वसई-विरारची महानगरपालिका व्हायची होती अजून. आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ गरजू मुलांची फी भरायचा, पण आधी घर बघायला यायचा. हे साहेब संघातले मोठे देणगीदार. घर बघून गेले आणि माझं नाव कापलं.

मी वर्गाच्या बाईंच्या पाया पडले. हो, पडले. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"साहेबांना समजावलंय मी," बाई म्हणाल्या. "रविवारी परत येतील. या वेळी जरा नीट राहा."

"नीट म्हणजे?"

"अगं, गरजू दिसायला हवं ना!"

बाई वाईट नव्हत्या. पण तो समजूतदार आवाज आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

घरी येऊन आयला सांगितलं. रविवारी बापूस समुद्रावर होता. आयने माळ मावशीला देऊन टाकली. पडदा काढला, स्टीलची भांडी खाटेखाली सारली. फाटकं लुगडं नेसली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मी थोरी रडू का गो?"

देवा! टोपली घेऊन अख्खा बाजार गाजवणारी माझी आय.

साहेब बाईंना घेऊन आले. घरभर नजर फिरवली. "आता कसं!" म्हणाले. खूश झाले. कॅमेरा काढला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आमचा फोटो लावायचा होता. आयने तोंड पाडलं, सांगितल्यासारखं.

"फोटो काढू नका," मी म्हणाले. "माझा अर्ज परत द्या."

"डोकं फिरलंय का तुझं? फी कोण भरणार?" बाई ओरडल्या.

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. ते गेल्यावर आय म्हणाली, "तुज्या मानापायी माजी लाज फुकट गेली." आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. तिचंही खरं होतं. परीक्षा गेली. मी कोळंबी सोलायला जाऊ लागले. बर्फाने बोटं बधिर व्हायची. संध्याकाळी पेन धरवत नव्हतं. खूपदा वाटलं, चूक केली. जावं, पाय धरावेत परत.

नाही गेले.

मदत नको असं मी कधीच म्हटलं नाही. शिकून पुढे गेलेल्याने मागच्याला हात द्यायलाच हवा. पण त्या कोळंबीच्या ढिगापुढे बसून मी ठरवलं, कितीही वर्षं लागोत, पदवी घेईन. मग मीही त्या कॉलेजची माजी विद्यार्थिनी होईन. संघाच्या बैठकीत जाईन. खुर्ची नाही दिली तर उभी राहून बोलेन. सांगेन, फी मागितली म्हणून संघाने कुठल्याही पोरीच्या घरात पाय ठेवायचा नाही.