मधला माणूस आणि दादाची किल्ली

विजूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस रडत सांगत होता आणि मी म्हणालो, "थांबा, मी वहिनींना लावून बघतो." मरणाची बातमी पडताळून घेणारा दिवटा मी एकटाच असेन... पण ही सवय दादानेच लावलेली. वहिनींनी फोन उचलला, "भाऊजी" एवढंच म्हणाल्या. बातमी खरी निघाली.

दादा माझा चुलतभाऊ. आणे पठारावरच्या घरात बसून तो पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. लांबच्या मशीनशी चाललेलं सगळं बोलणं कुलूपबंद जातं, हे त्याने सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग झालं की!" तो हसला. "कुलूप लई भारी हाये रं. पण पलीकडं कोण बसलंय?" नवा सर्व्हर पहिल्यांदा जोडला की तो आपला ठसा दाखवतो, लांबलचक अक्षरांचा, आणि विचारतो, ओळख पटली का? बहुतेक जण 'हो' म्हणून मोकळे होतात. दादा पुण्याला फोन लावून तो ठसा अक्षर अक्षर वाचून घ्यायचा. मधे कुणी भामटा बसला असेल तर आपलं भारी कुलूप त्याच्याच दाराला लागतं, असं त्याचं म्हणणं.

मला ते उमगलं माझ्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीत. मध्यस्थाच्या जिभेवर साखर, मी त्याला दोनदा मटण खाऊ घातलेलं. दादा म्हणाला, "ह्यो दोन्हीकडं येगळं बोलतोय. तू थेट इचार." गाडीवर मागे बसवून त्याने मला लोणीला, मुलाच्या घरी नेलं. मुलगी नोकरी सोडणार, हे मध्यस्थाने तिकडे परस्पर कबूल करून टाकलं होतं!

दहावा झाला आणि वहिनींना फोन आला. "कंपनीतून बोलतोय. विजूभाऊंच्या लॅपटॉपमधली किल्लीची फाइल पाठवा, ती उघडायचं परवलीचं वाक्यही सांगा. काम अडलंय." ती किल्ली ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या लेखी विजूदादाच. त्याने काही उद्योग केला असता तर नाव दादाचं लागलं असतं. वाक्य वहिनींना ठाऊक होतं. माणूस गहिवरून बोलत होता, दहाव्याचं प्रवचन लांबलं हेसुद्धा त्याला माहीत. मी विरघळलो. "वहिनी, बिचारा अडलाय, देऊन टाका."

"भाऊजी, तुमी त्यालाबी मटण घालाल," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला आणि दादाच्या साहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर लावला.

साहेब म्हणाले, "ताई, आमच्यातल्या कुणी फोन केलेला नाही. विजूची किल्ली तर तो गेला त्याच दिवशी आम्ही सगळ्या सर्व्हरवरून रद्द केली. तसा नियमच आहे."

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं ज्या मशिनींची ओळख तो पटवून घेत आला, त्यांतली एकही आता त्याला ओळखणार नव्हती...

तो फोन कुणाचा, अजून कळलेलं नाही. प्रवचन लांबल्याचं ठाऊक, म्हणजे दहाव्याला आलेला कुणीतरी, आपल्यातलाच. मी हल्ली प्रत्येक पाहुण्याकडे संशयाने बघतो. वहिनी माझ्याकडे बघतात. परवा त्या दादाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "आता त्या किल्लीने काहीच उघडत नाही. वाक्य काय होतं, ते तरी सांगा."

वहिनींनी झाकण मिटलं.

"न्हाई. ह्यांनी ते मला एकटीला सांगितलंय."