हॉगलँड सरांचा कोपरा आणि सतराचा पाढा

हॉगलँड सरांनी आमच्या निम्म्या गावाला गणित शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला गणिताची धास्ती. मी दोन्हींत मोडते. बाकीच्या शाळा बाराच्या पाढ्यावर थांबायच्या, सर आम्हाला सतरापर्यंत फरपटत न्यायचे. एवढा मोठा शिक्षक, पण राजकारणात मुद्दे मांडून त्यांना आजवर एकही माणूस आपल्या बाजूला आणता आला नव्हता. हे त्यांचं जन्माचं दुखणं.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा म्हणजे जानेवारीच्या बर्फात शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नसतील तो मोडतो, आणि मोकळ्या झालेल्यांना ओढायला बाकीचे धावतात. ओढायची साधनं ठरलेली. जुनी मैत्री, थोडी रडारड, आणि पीनट बटरच्या वड्या. सर तिथे आलेख घेऊन जातात.

त्या वर्षी सर एका गव्हर्नरबाईंच्या बाजूचे होते. बाईंकडे लहान गावांतली हॉस्पिटलं वाचवायची योजना होती, आणि आमच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड नुकताच बंद पडला होता. सरांची बायको व्हर्ना मात्र समोरच्या कोपऱ्यात, ज्याचा गळा वेळेवर दाटून येतो त्या देखण्या सेनेटरच्या. व्हर्ना त्याच्या केसांवर भाळली, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सभेची अध्यक्ष मी, कारण कॉफीचं मोठं भांडं माझ्या कॅफेचं. मोजणी केली. कोपरा टिकायला बारा माणसं हवी होती, सरांकडे दहा. माझा स्वतःचा कोपरा तर सपशेल मोडला आणि आम्ही सातजण मोकळे झालो. सरांचे डोळे चमकले.

ते बाकड्यावर चढले, आलेख उघडला. "मंडळी, खाटेमागे अनुदान गृहीत धरा. आता त्याला एकूण रुग्णदिवसांनी भागा..."

आम्ही सातहीजण वड्यांच्या टेबलाकडे सरकलो. इतकंच नाही, त्यांच्याच कोपऱ्यातला लाइल यानसेन हळूच निसटला.

"लाइल! तू तर माझ्या बाजूचा!"

"होतो सर. तुम्ही समजावून सांगेपर्यंत होतो."

सगळा जिम हसला. सरांचा चेहरा पडला, आणि मला त्यांची फार दया आली, पण वडी सोडवेना. तेवढ्यात समोरच्या कोपऱ्यातून व्हर्ना सरांवर ओरडली, "ऑरिन, पिकअपचं सांग!"

"तो पुरावा नव्हे, व्हर्ना. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही."

"सांगतोस की घरी चालत येतोस?"

बाहेरची थंडी आठवून सरांनी आलेख मिटला. "माझी लेक जोलीन," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कळा सुरू झाल्या, इथला वॉर्ड बंद, दुसरं हॉस्पिटल दीड तासावर. धान्याच्या कोठाराशी आमची पिकअप गाडी बर्फात रुतली. व्हर्नाने बॅटरी धरली. जोलीन म्हणाली, बाबा, काहीतरी बोल, गप्प नको राहूस. मला काही सुचेना. मी सतराचा पाढा सुरू केला."

कोणीतरी खुदकन हसलं.

"सतरा साते चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा. जोलीनने तशा कळांमध्ये दुरुस्त केलं. मग बाळ आलं. निळं होतं. रडेना. मी पाठ चोळत राहिलो आणि म्हणत राहिलो. सतरा आठे एकशे छत्तीस... सतरा नव्वे..."

आणि सर अडले.

"एकशे त्रेपन्न!" सगळा जिम ओरडला. सेनेटरवाले, वड्यावाले, सगळे.

"तिथे रडली ती," सर म्हणाले.

मग काय विचारता! माणसं धक्काबुक्की करत त्या कोपऱ्यात घुसली. लाइल परत आला, वर मेव्हण्याला ओढून आणलं. अध्यक्षीणबाई, म्हणजे मी, नाक पुसत सगळ्यांच्या पुढे. कोपऱ्यात उभं राहायला जागा उरली नाही.

आणि हे गृहस्थ प्रत्येकाला धरून विचारतायत, "कोणता मुद्दा पटला?"

"सतरा नव्वे," मी म्हटलं.

"तो मुद्दा नाही, मार्गिट!"

"मग मला नाही माहीत, सर. मी आले ना?"

सभा संपली. सर, व्हर्ना आणि मी खुर्च्यांच्या घड्या घालत होतो. जिंकलेला माणूस तोंड पाडून उभा. "मी त्यांना पटवलं नाही, रडवलं," सर म्हणाले. मग व्हर्नाकडे वळले. "आणि तू? तू तर पिकअपमध्ये होतीस. तरी आली नाहीस."

"कशी येणार? तुझी योजना चुकीची आहे."

"काय?"

"खाटेमागे पैसे दिले तर ज्यांच्याकडे खाटा जास्त, त्यांना पैसे जास्त. म्हणजे सगळे मोठ्या शहरांना. आपल्याकडे खाटा रिकाम्याच पडल्यात, ऑरिन. नर्सा नाहीत. तो सेनेटर रडका आहे, पण तो नर्सांना पैसे देतोय."

सरांनी हातातली खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसले. ओठ हलत होते, भागाकार चालला होता.

"तू हे सगळं ऐकत होतीस?"

"रोज सकाळी तेच तर सांगतोस. टोस्ट काय मी कानांनी खाते?"

सर ताडकन उठले. खुर्ची मागे आपटली. वड्या फुकट वाटल्या तेव्हाही त्या जिममध्ये कोणाचा चेहरा असा फुलला नसेल. त्यांनी व्हर्नाला कमरेला धरून गरकन फिरवलं आणि माझ्याकडे बघून ओरडले, "ऐकलंस, मार्गिट? हिला माझा मुद्दा समजला! समजला, आणि पटला नाही!"