मूठभर चिवडा आणि रक्ताचा थेंब

ये वं, अशी जवळ बस. काल म्हणालीस, मलेरिया तपासणारे घरी आले तर दारातूनच परत पाठवले, पोराले ताप नाही म्हणून. मोठी शहाणी! भाची असलीस तरी बोलणारच मी तुले.

पण मी तरी काय केलं होतं? मागच्या दिवाळीत नात आली होती, सहा वर्षांची. जावई गडचिरोलीकडे जंगलखात्यात आहेत ना, तिकडून. इथं हुडकेश्वरले आमच्या गल्लीत दवाखान्याची आशाताई मलेरिया तपासत फिरून राहिली होती. दारात येऊन विचारते, "काकू, बाहेरगावचं लेकरू आहे का घरी?"

"नाही वं," मी सरळ खोटं बोलले. धडधाकट लेकराले सुई काहून टोचायची? पोट्टीले मी चिवड्याची वाटी देऊन मागच्या अंगणात बसवलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, चिवडा संपला!"

आशाताई हसायलेच लागली. मी आपलं बोट पुढे केलं. "माझं घे. एकाच घरचं रक्त आहे."

"काकू, रक्त एका घरचं असंन, पण डास तिच्या गावचे आहेत ना!"

घेतला मग पोट्टीच्या बोटाचा थेंब काचेवर. दुसऱ्या दिवशी आशाताई आली ती न हसता. मलेरिया निघाला होता. पोट्टी अंगणात दोरीवरच्या उड्या मारून राहिली होती.

"अवं, पण ताप कुठं आहे?"

"घडीघडी होऊन अंगाले सवय पडते, काकू. ताप येत नाही, जंतू मात्र आत राहतात. रक्त कमी होते. अन् हिले चावलेला डास दुसऱ्याले चावला, की त्याले होते."

मले आधी लेकीचं तिकडचं घर आठवलं. हिच्या पाठचं आठ महिन्यांचं बाळ त्याच घरात झोपते. अन् ही पोट्टी जेवता जेवता ताटावरच पेंगायची, ते मी खेळून थकली म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. शाळा बुडाली, पण सगळ्या गोळ्या माझ्यासमोर घेतल्या तिनं. नंतरची तपासणी साफ आली. लेकीनं बाळालेही तपासून घेतलं, ते चांगलं निघालं.

अजून मनात येते, त्या वाटीत मूठभर चिवडा जास्त वाढला असता तर पोट्टी तशीच परत गेली असती.

म्हणून सांगते, घरी पोचलीस की आधी त्या लोकांले बोलाव अन् पोराचं बोट पुढे कर. मग त्याले घेऊन लवकर ये वं. डबा भरून चिवडा करून ठेवते.